गाडीतले ईसीयू एकमेकांशी कसे बोलतात, आणि बोलणं तुटलं तर दोष कसा शोधायचा

चालत्या गाडीत वेगाचा काटा एकदम शून्यावर येतो. चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेचा, म्हणजे एबीएसचा, दिवा लागतो, स्टिअरिंग जड होतं आणि पाठोपाठ इंजिनचा पिवळा दिवाही पेटतो. एका झटक्यात चार गोष्टी बिघडलेल्या दिसल्यावर मालक घाबरणारच. गॅरेजमध्ये बऱ्याचदा उत्तर मिळतं, "ईसीएम गेलाय साहेब, बदलावा लागेल," आणि मोठा खर्च अंगावर पडतो. पण या चारही लक्षणांमागे एकच कारण असू शकतं. ईसीयू म्हणजे गाडीतला एकेक भाग सांभाळणारा छोटा संगणक, पुढे त्याला युनिटही म्हणतो; ईसीएम हा इंजिनचा ईसीयू. बहुतेक आधुनिक गाड्यांत चाकांचा वेग एबीएस युनिट मोजतं. डॅशबोर्डवरचं मीटर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, इंजिनचं युनिट हे सगळे तोच आकडा ऐकून आपापलं काम करतात. एबीएसचं बोलणं पोहोचेनासं झालं की सगळेच तक्रार करतात. आणि ते न पोहोचायला कपलरमधली, म्हणजे तारांच्या जोडप्लगमधली, एक गंजून हिरवट पडलेली पिन पुरते.

माझं ठाम मत आहे, की तारा, अर्थिंग (बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसकडे जाणारी जोडणी) आणि कपलर तपासल्याशिवाय कोणत्याही ईसीयूवर ठपका ठेवू नये. ही तपासणी पाचशे-हजार रुपयांच्या मल्टिमीटरने होते. मात्र मल्टिमीटर काय सांगतोय हे कळायला आधी त्या तारांवर काय चालतं हे माहीत हवं. म्हणून पहिल्या भागात समजून घेऊ आणि मग प्रत्यक्ष मोजमापाकडे वळू.

एकाच जोडतारेवर सगळे

पूर्वी प्रत्येक सेन्सरपासून त्याची गरज असलेल्या प्रत्येक ठिकाणी वेगळी तार ओढायचे. गाडीत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तसे हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, जाडजूड, वजनदार आणि दुरुस्तीला अवघड झाले. जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटमध्ये एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेच्या परिषदेत 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', म्हणजे कॅन, जगापुढे मांडलं. १९८७ मध्ये इंटेल आणि फिलिप्सने त्याच्या चिप आणल्या. १९९१ साली आलेली मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू-१४० एस-क्लास ही कॅन वापरणारी पहिली उत्पादित मोटार मानली जाते. १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे मानक आलं. आज मोटारींत, ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये आणि अनेक दुचाकींतही हेच नेटवर्क आहे.

कॅनमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा असतात: कॅन-हाय आणि कॅन-लो. सगळी युनिट्स याच जोडीला समांतर जोडलेली असतात. कोणी बोलत नसताना दोन्ही तारांवर साधारण २.५ व्होल्ट असतात. माहिती '०' आणि '१' अशा तुकड्यांत, म्हणजे बिटांत, जाते. बोलणारं युनिट '०' पाठवतं तेव्हा हाय ३.५ पर्यंत चढते आणि लो १.५ पर्यंत उतरते. दोन्हींत २ व्होल्टचा फरक पडतो. '१' पाठवायचा असेल तर ते तारा सोडून देतं आणि दोन्ही पुन्हा २.५ वर येतात. ऐकणारं युनिट फक्त दोन तारांमधला फरक पाहतं. स्पार्क प्लग, अल्टरनेटर, हॉर्न यांचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच चढतो, त्यामुळे फरक तसाच राहतो.

यातली खुबी अशी, की '०' नेहमी '१' ला दाबतो. एकाने '१' म्हणून तारा सोडल्या आणि त्याच क्षणी दुसऱ्याने '०' म्हणून ओढल्या, तर सगळ्यांना '०'च दिसतो. म्हणून '०' ला प्रबळ आणि '१' ला दुय्यम बिट म्हणतात.

या जोडीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो. तो नसेल तर संकेत टोकाला आपटून परत फिरतो आणि पुढच्या बिटांत मिसळतो. मोजमाप करताना या रोधांचाच सगळ्यात जास्त उपयोग होणार आहे.

संदेशावर पत्ता नसतो

कॅनवर कोणी कोणाला उद्देशून बोलत नाही. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला एक ओळखक्रमांक असतो, आणि तो क्रमांक विषय सांगतो: हा चाकांचा वेग, हे इंजिनचं तापमान, ही दारांची स्थिती. गावात दवंडी पिटली की ज्याचा संबंध असेल तो कान देतो, बाकीचे आपल्या कामात राहतात, तसंच हे. एबीएसने वेग जाहीर केला की मीटर तो काट्यासाठी घेतं, स्टिअरिंग युनिट किती मदत द्यायची ते ठरवायला घेतं, बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणजे बीसीएम ठरावीक वेगानंतर दारं लॉक करायला घेतं, म्युझिक सिस्टिम आवाज कमी-जास्त करायला घेते. एबीएसला यातल्या कोणाचाही पत्ता माहीत नसतो.

ओळखक्रमांक साधारण ११ बिटांचा असतो. ट्रक आणि बसमध्ये चालणाऱ्या जे-१९३९ पद्धतीत तो २९ बिटांचा असतो. क्रमांकानंतर किती बाइट (एक बाइट म्हणजे ८ बिट) माहिती येणार ते येतं, मग ० ते ८ बाइट प्रत्यक्ष माहिती, मग माहिती वाटेत बिघडली नाही ना हे ताडायला १५ बिटांची तपासणी-बेरीज, आणि शेवटी पोच देण्यासाठी ठेवलेली एक बिटाची जागा. मोटारींत मुख्य कॅनचा वेग बहुधा सेकंदाला ५ लाख बिट असतो. म्हणजे एक बिट २ मायक्रोसेकंदांचा आणि ८ बाइटांचा आख्खा संदेश सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागात संपतो. महत्त्वाचे संदेश दर १० किंवा २० मिलिसेकंदांनी पुन्हा पुन्हा जाहीर होत राहतात.

आता दोघांनी एकाच क्षणी बोलायला सुरुवात केली तर? कॅनची खरी हुशारी इथे दिसते. समजा एबीएसच्या संदेशाचा क्रमांक हेक्स (१६ च्या पायावरच्या) पद्धतीत १०० आहे आणि एसीच्या संदेशाचा १२०. (हे क्रमांक उदाहरणापुरते, प्रत्येक कंपनी आपले वेगळे ठरवते.) ११ बिटांत लिहिले तर असे दिसतात:

एबीएस: ० ० १ ० ० ० ० ० ० ० ०
एसी: ० ० १ ० ० १ ० ० ० ० ०

दोघंही बिटामागून बिट पाठवतात आणि त्याच वेळी तारेवर काय दिसतंय तेही वाचतात. पहिले पाच बिट सारखे, त्यामुळे आपल्यासोबत आणखी कोणी बोलतंय हे दोघांनाही कळत नाही. सहाव्या बिटाला एसीने '१' पाठवला, म्हणजे तारा सोडल्या. एबीएसने '०' पाठवला, म्हणजे ओढल्या. तारेवर '०' दिसला. एसीला लगेच कळतं की आपल्यापेक्षा महत्त्वाचं कोणी बोलतंय, आणि ते तिथेच थांबून ऐकायला लागतं. एबीएसच्या संदेशाला धक्काही लागत नाही, एकही बिट वाया जात नाही. तो संपला की एसी पुन्हा प्रयत्न करतं. जितका क्रमांक लहान तितका मान मोठा. म्हणून ब्रेक, इंजिन, एअरबॅग यांचे क्रमांक लहान ठेवतात आणि काचा, एसी, दिवे यांचे मोठे.

चूक झाली तर कोण पकडतं

दोष शोधणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडणारा भाग हा, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

संदेश नीट मिळाला की ऐकणारी युनिट्स पोचेच्या जागी '०' ओढतात. बोलणाऱ्याला तो दिसला म्हणजे निदान एकाने तरी नीट ऐकलं. कोणालाही संदेशात खोट दिसली, म्हणजे तपासणी-बेरीज जुळली नाही किंवा रचना मोडली, तर ते युनिट सलग सहा '०' तारेवर ओढतं. कॅनमध्ये सलग पाच सारखे बिट आले की पाठवणारा मुद्दाम एक उलटा बिट घालतो. त्यामुळे निरोगी संदेशात सलग सहा '०' कधीच येत नाहीत. ते आले की सगळे समजतात, संदेश बाद. पाठवणारा तोच संदेश पुन्हा पाठवतो.

प्रत्येक युनिट आपल्या चुकांचा हिशेबही ठेवतं. पाठवताना चूक झाली की मोजणीत ८ वाढतात. नीट गेला की १ कमी होतो. मोजणी १२७ च्या वर गेली की युनिट 'मवाळ' होतं, म्हणजे इतरांचे संदेश बाद करण्याचा हक्क त्याच्याकडे राहत नाही. २५५ च्या वर गेली की ते नेटवर्कवरून स्वतःच बाजूला होतं. याला बस-ऑफ म्हणतात. हेतू चांगला आहे: एका बिघडलेल्या युनिटने सगळी गाडी गप्प करू नये.

आता एका तारेला लागलेली खराब पिन डोळ्यांसमोर आणा. गाडी खड्ड्यात आदळली, पिन क्षणभर सुटली, चुका वाढल्या, युनिट बस-ऑफ झालं. थोड्या वेळाने, तारेवर पुरेशी शांतता दिसल्यावर, ते पुन्हा सामील होतं. मालक म्हणतो, "कधीकधी होतं, मग आपोआप बरं होतं." गॅरेजमध्ये नेल्यावर सगळं ठीक दिसतं. या तक्रारीला भास समजू नका. येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो आणि त्याचं वर्णन अगदी असंच असतं.

टेबलावर एखादं युनिट एकटं जोडून तपासणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. एकटं युनिट बोलत राहिलं तरी पोच द्यायला कोणी नसतं, त्यामुळे ते तोच संदेश सारखा पाठवत बसतं. ते युनिट बिघडलेलं नसतं. दुसरं एखादं युनिट किंवा पोच देणारं उपकरण जोडलं, टोकांना रोध लावले, की ते शहाण्यासारखं वागतं.

कॅनशिवाय आणखी कोण

आरसे, काचा, वायपर, सीट अशा कामांना लिन नावाचं स्वस्त, एका तारेचं, १२ व्होल्टवर चालणारं नेटवर्क असतं. वेग सेकंदाला जास्तीत जास्त २० हजार बिट. एक मुख्य युनिट विचारतं आणि बाकीची उत्तर देतात. कॅमेरे आणि मोठ्या स्क्रीनसाठी नव्या गाड्यांत एका जोडतारेवरचं इथरनेट येतं. कॅन-एफडी हा २०१२ मध्ये बॉशनेच आणलेला कॅनचा वाढीव प्रकार. त्यात एका संदेशात ६४ बाइटपर्यंत माहिती बसते. आणि एका गाडीत एकच कॅन असतं असंही नाही. इंजिन-ब्रेकचं वेगळं, बॉडीचं वेगळं, निदानाच्या पोर्टचं वेगळं, अशी दोन-चार असतात आणि त्यांच्यामध्ये गेटवे बसलेला असतो. तो ठरवतो की कुठला संदेश या बाजूने त्या बाजूला जाऊ द्यायचा. काही गाड्यांत गेटवेचं काम बीसीएमच करतं.

आता मीटर हातात घ्या

लागणारं साहित्य थोडं आहे: डिजिटल मल्टिमीटर, युनिट्समध्ये साठलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर (किमान सगळी युनिट्स वाचणारा, फक्त इंजिन वाचणारा इथे अपुरा पडतो), बारीक टोकांच्या पिना आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम. तारांच्या रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात. टेस्ट लॅम्प तर कॅनच्या तारांना चुकूनही लावू नका. बल्ब जितका करंट ओढतो तितका द्यायची या तारांची तयारी नसते, आणि युनिटमधली चिप जळू शकते.

निदानाचा पोर्ट बहुधा स्टिअरिंगखाली असतो. गाडीने आपले दोष स्वतः नोंदवण्याचं मानक, म्हणजे ओबीडी-२, भारतात चारचाकींना एप्रिल २०१३ पासून लागू झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत १६ पिनांचा हा पोर्ट सापडतो. पिन ४ आणि ५ अर्थ, १६ थेट बॅटरीचा प्लस, ६ कॅन-हाय, १४ कॅन-लो. पिन ६ आणि १४ रिकाम्या असतील आणि ७ मध्ये तार असेल, तर ती जुनी के-लाइनची (निदानासाठी एकाच तारेवर बोलणारी) गाडी. पुढचं मोजमाप तिला लागू नाही.

पहिलं काम बॅटरीचं. गाडी उभी असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. स्टार्टर मारताना ते साडेनऊच्या खाली जात असतील तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहा. व्होल्टेज कोसळलं की युनिट्स क्षणभर बंद पडतात आणि एकमेकांविरुद्ध 'संपर्क तुटला' असे कोड साठवतात. म्हातारी बॅटरी बदलल्यावर असे डझनभर कोड पुसले जातात आणि परत येत नाहीत.

दुसरं, स्कॅनर लावा आणि कोडांचा फोटो घेऊन ठेवा. पुसण्याची घाई करू नका. संपर्काचे कोड 'यू' अक्षराने सुरू होतात: यू०१०० म्हणजे इंजिनच्या युनिटशी संपर्क तुटला, यू०१०१ गिअरबॉक्सच्या, यू०१२१ एबीएसच्या, यू०१४० बीसीएमच्या, यू०१५५ मीटरच्या. इथे एक नियम कायम लक्षात ठेवा: कोड ज्या युनिटमध्ये सापडतो ते तक्रारदार असतं, संशयित ते, ज्याचं नाव कोडमध्ये आहे. इंजिन, स्टिअरिंग आणि मीटर तिघांतही यू०१२१ असेल तर तिघंही सांगताहेत की एबीएस ऐकू येत नाही. अशा वेळी इंजिनचं युनिट बदलणं म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा. मग स्कॅनरने एबीएसला थेट हाक मारून पाहा. उत्तर आलं नाही तर त्याचा फ्यूज, त्याची अर्थ आणि त्याच्या दोन कॅन तारा, या क्रमाने जा. उत्तर आलं तर दोष येणारा-जाणारा आहे. मग हार्नेस हलवत हलवत स्कॅनरवर नजर ठेवा.

एकाच वेळी सगळेच सगळ्यांविरुद्ध तक्रार करत असतील, किंवा स्कॅनरला कोणीच उत्तर देत नसेल, तर जोडतारेतच दोष आहे. तेव्हा पुढचं मोजमाप.

तिसरं, रोध मोजा. इग्निशन बंद करा, किल्ली काढा, युनिट्स झोपायला काही मिनिटं द्या आणि बॅटरीचा मायनस सोडा. तारांवर वीज असताना ओहम मोजले तर आकडा खोटा येतो. बॅटरी सोडल्यावर काही गाड्यांत काचांचं एका दाबात वर-खाली होणं पुन्हा शिकवावं लागतं, हे मालकाला आधीच सांगा. आता पोर्टच्या पिन ६ आणि १४ मध्ये मोजा.

सुमारे ६० ओहम आले तर उत्तम: १२० चे दोन रोध समांतर म्हणजे ६०. १२० आले तर एक टोक तुटलंय. टोकाचं युनिट सुटलंय किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटली आहे. ४० च्या आसपास आले तर कुठेतरी तिसरा १२० चा रोध घुसलाय. बाहेरून बसवलेलं एखादं उपकरण आधी संशयात घ्या. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर पोर्टकडे येणारी तारच तुटलेली आहे. त्यानंतर पिन ६ ते बॉडी आणि १४ ते बॉडी असंही मोजा. हजारोंच्या पटीत ओहम हवेत. काही ओहमच आले तर ती तार बॉडीला घासून सोलली गेली आहे.

एक सावधगिरी: गेटवे असलेल्या गाडीत पोर्टवरचं मोजमाप फक्त पोर्ट ते गेटवे एवढ्याच तुकड्याचं असतं. तिथे ६० आले म्हणून इंजिनकडचं कॅन निर्दोष ठरत नाही. डायग्राम पाहून गेटवेच्या किंवा एखाद्या युनिटच्या कपलरवर पुन्हा मोजा.

चौथं, व्होल्टेज. बॅटरी जोडा, इग्निशन ऑन करा, मीटर डीसीवर ठेवा, काळी पिन अर्थला. संदेश इतक्या वेगाने जातात की मल्टिमीटर फक्त सरासरी दाखवतो. हाय साधारण २.६ ते २.८ आणि लो २.२ ते २.४ दिसायला हवी. दोन्हींची बेरीज ५ च्या जवळ. हाय शून्यावर असेल तर ती अर्थला लागली आहे, १२ वर असेल तर प्लसला. दोन्हींवर बरोबर २.५ आणि जराही हालचाल नसेल तर तारा बऱ्या आहेत पण कोणी बोलत नाही. युनिट्सना वीज पोहोचते का ते पाहा.

तारांचा दोष पक्का झाला आणि जागा सापडत नसेल तर युनिट्स एकेक करून सुटी करा आणि प्रत्येक वेळी मोजा. रोध मोजत असाल तर बॅटरी सुटलेलीच राहू द्या. व्होल्टेज पाहत असाल तर प्रत्येक कपलर काढण्याआधी इग्निशन बंद करा. ज्याला काढल्यावर आकडा सुधारला, तिथे किंवा त्याच्या फांदीत दोष. टोकाचं युनिट काढलं की ६० चे १२० होणारच, त्याने गोंधळून जाऊ नका. एअरबॅगच्या युनिटला हात लावण्याआधी मात्र बॅटरी सोडून कंपनीने सांगितलेला वेळ थांबा. यात सूट नाही.

पाचवं, अर्थ. हे बहुतेकजण विसरतात. युनिटची अर्थ गंजली असेल तर त्याचं शून्य वर सरकतं आणि ते जे १.५ व्होल्ट समजून पाठवतं ते बाकीच्यांना वेगळंच दिसतं. ओहम मोजून हा दोष कळत नाही. इग्निशन ऑन, दिवे आणि पंखा चालू ठेवा आणि बॅटरीचा मायनस ते युनिटची अर्थ पिन असं व्होल्टेज मोजा. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट काढा, घासा, परत आवळा.

ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं उपकरण, असेल तर काम फार लवकर होतं. दोन्ही तारा एकत्र पाहा; हाय वर जाताना लो तितकीच खाली, आरशातल्या प्रतिबिंबासारखी दिसली पाहिजे. एकच रेघ हलत असेल किंवा कोपरे गोलावलेले असतील तर कोणत्या तारेला दोष हे डोळ्यांनी दिसतं.

कुठे पाहायचं, कशी जोडायची

आपल्याकडे दोष कुठे सापडतो हे अनुभवी वायरमनला तोंडपाठ असतं. पावसाळ्यात पाणी विंडशील्डच्या कडेने किंवा दाराच्या रबरातून आत येऊन पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरतं आणि डॅशबोर्डखालच्या कपलरच्या पिना हिरव्या पडतात. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर बॉनेटखालचा हार्नेस कुरतडतात. दाराच्या बिजागरीपाशी उघड-झाप होऊन तार आतल्या आत तुटते आणि वरचं आवरण शाबूत दिसतं. बाहेरून बसवलेला रिमोट लॉक, ट्रॅकर, कॅमेरा यांची वायर जिथे टोचून घेतलेली असते, ती जागा आधी बघा.

तुटलेली कॅन तार जोडताना पीळ शक्य तितका टिकवा. उलगडलेला भाग जितका कमी तितकं बरं. जोड सोल्डर करा किंवा चांगल्या क्रिंपने दाबा, वर गोंदवाली हीटश्रिंक चढवा. नुसती पिरगाळून टेप गुंडाळलेली जोड पहिल्याच पावसात परत येते. दोन तारांच्या जोडण्या एकाच जागी आणू नका, पुढे-मागे ठेवा. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडा आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. दुरुस्ती झाली की आता कोड पुसा, दहा-पंधरा मिनिटं खराब रस्त्यावरून गाडी फिरवा आणि पुन्हा सगळी युनिट्स वाचा.

स्वतः ऐकायचं असेल तर

विद्यार्थ्यांनी आणि हौशी मंडळींनी इथवर थांबू नये. सगळ्यात सोपा मार्ग ओबीडीचे प्रश्न विचारण्याचा. स्कॅनर ७डीएफ या हेक्स क्रमांकावर सगळ्यांना उद्देशून विचारतो. इंजिनचं युनिट ७ई८ वर उत्तर देतं. इंजिनचे फेरे हवे असतील तर माहितीचे बाइट ०२ ०१ ०सी: पुढे दोन बाइट आहेत, सध्याची माहिती हवी, विषय ०सी म्हणजे फेरे. समजा उत्तर आलं ०४ ४१ ०सी ०डी ४८. पुढे चार बाइट आहेत, हे ०१ चं उत्तर (म्हणून ४१), विषय ०सी, आणि शेवटचे दोन बाइट मूल्य. ०डी म्हणजे १३, ४८ म्हणजे ७२. १३ गुणिले २५६, अधिक ७२, म्हणजे ३४००; त्याला ४ ने भागलं की ८५०. इंजिन मिनिटाला ८५० फेऱ्यांवर आयडल चालतंय. कूलंटचं तापमान विषय ०५ वर मिळतं आणि त्यातून ४० वजा करायचे: ७बी आलं तर १२३ वजा ४०, म्हणजे ८३ अंश. हे क्रमांक आणि सूत्रं मानकात ठरलेली आहेत, त्यामुळे ११ बिटांचे क्रमांक वापरणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना ती सारखीच लागू होतात.

युनिट्सचं आपसातलं बोलणं मात्र कंपनीचं खासगी असतं. ते ऐकायला यूएसबी-कॅन अडॅप्टर आणि लिनक्सचा लॅपटॉप पुरतो. लिनक्समध्ये कॅनची सोय कर्नलमध्येच आहे. फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने दिलेलं सॉकेटकॅन २००८ मध्ये त्यात आलं. 'कॅन-युटिल्स' मधलं कॅनडम्प सगळे संदेश ओळीने दाखवतं, आणि कॅनस्निफर फक्त बदलणारे बाइट रंगवून दाखवतं. गाडी उभी, इग्निशन ऑन. एक दार उघडा, बंद करा, पुन्हा उघडा, आणि कोणता बाइट तुमच्यासोबत बदलतो ते पाहा. मग ब्रेक, मग स्टिअरिंग. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि वहीत टिपायची. दोन बाइटांचं मूल्य असेल तर कोणता आधी धरायचा, हे कंपनीनुसार उलटसुलट असतं, दोन्ही करून पाहा. गाडी हाताशी नसेल तर लिनक्सवर खोटं कॅन तयार होतं आणि त्यावर चालणारा 'आयसीसिम' नावाचा मोफत मीटर-सिम्युलेटर मिळतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी सुरुवात इथूनच करावी.

अर्दुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डासोबत एमसीपी-२५१५ या कॅन चिपचं स्वस्त मॉड्यूल वापरणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. मॉड्यूलवरचा १२० ओहमचा जंपर काढा, नाहीतर गाडीचे ६० चे ४० होतील. मॉड्यूलवरचा क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा आहे की १६ चा ते वाचून प्रोग्राममध्ये तोच लिहा. आणि फक्त ऐकण्याच्या मोडमध्ये ठेवा. चुकीच्या वेगाने बसलेलं मॉड्यूल गप्प राहिलं नाही तर चांगले संदेशही बाद ठरवायला लागतं आणि डॅशबोर्डवर दिवे पेटतात.

चालत्या गाडीच्या कॅनवर स्वतःचे संदेश सोडू नका. मूळ कॅनमध्ये बोलणारा कोण याची खातरजमा करण्याची सोयच नाही. योग्य क्रमांक असला की ऐकणारा विश्वास ठेवतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या संशोधकांनी जीप चेरोकीच्या म्युझिक सिस्टिममधून, इंटरनेटवरून, तिच्या कॅनपर्यंत पोहोचून दाखवलं आणि फियाट क्रायस्लरला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर अनेक कंपन्यांनी गेटवे कडक केले, त्यामुळे काही नव्या गाड्यांत पोर्टवर कॅनडम्प लावलं तरी पडदा कोरा राहतो. तुमचं उपकरण बिघडलंय असं समजू नका; गेटवे आतलं बोलणं बाहेर येऊ देत नाहीये.

आणि काम झालं की ब्लूटूथचा डोंगल पोर्टमध्ये अडकवून ठेवू नका. पिन १६ वर किल्ली बंद असतानाही वीज असते, काही डोंगल नेटवर्कला झोपू देत नाहीत आणि आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. शिवाय स्वस्त डोंगलचा पासवर्ड बहुधा १२३४ असतो, आणि ब्लूटूथच्या टप्प्यात उभा असलेला कोणीही त्याला जोडला जाऊ शकतो.